वंगणाची वही

आमच्या बाबांनी नोकरीच्या काळात दोन वह्या ठेवल्या. एक घरखर्चाची आणि दुसरी मोटारसायकलच्या तेलाची. घरखर्चाची वही कधीतरी रद्दीत गेली. तेलाची वही मात्र माझ्या कपाटात आहे. लाल पुठ्ठ्याची, पानापानांवर तेलकट बोटांचे ठसे असलेली. कारकुनाला शोभेल अशा चार रकान्यांत नोंदी आहेत : तारीख, किलोमीटर, काय घातले, कुठे घातले. पहिल्या बारा-तेरा पानांवर शेवटच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, 'सुरत'.

गोव्यातल्या कारकुनाचा सुरतेशी काय संबंध, असे कुणी विचारील. आजच्या मुलांना हे सांगावे लागते की ३० मे १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. पणजीत टेबलावर बसलेला माणूस बदलीचा कागद हातात पडला की सातशे किलोमीटरांहून लांब दमणला जाई. बाबा १९७८ साली असेच गेले. तिथे त्यांनी बदली होऊन परत निघालेल्या एका सहकाऱ्याकडून जुनी जावा २५० घेतली. १९७० ची, म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली. १९६१ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या गाड्या पुढे १९७३ पासून येझदी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. किक आणि गिअर यांचा एकच दांडा, दोन्ही बाजूंना लांब सायलेन्सर आणि तो विशिष्ट 'डुग-डुग' आवाज. ज्यांनी ऐकला आहे त्यांना वर्णन नको, ज्यांनी ऐकला नाही त्यांना वर्णन करून उपयोग नाही.

दमणहून बारा किलोमीटरवर वापी आणि वापीहून हमरस्त्याने शंभर किलोमीटरच्या आतबाहेर सुरत. माझी मावशी तिथे उधन्याला राहायची. तिच्याकडे जायचे निमित्त आणि गाडीचे काम, असे दोन्ही एका फेरीत उरकायचे. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे सुरतेचे काही लोक एका द्रवासाठी दमणला येत आणि आमचे बाबा दुसऱ्या द्रवासाठी सुरतेला जात, असा विनोद आमच्या घरात फार वर्षे चालला.

सुरत म्हटले की मराठी माणसाला महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. आपल्याकडच्या इतिहासप्रेमींना सुरतेजवळच्या सुवाळीची १६१२ ची लढाई आठवेल. तिथे पोर्तुगीजांना इंग्रजांनी मागे हटवले आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सत्तेचे पारडे हळूहळू झुकू लागले. मला मात्र सुरत म्हटले की उधन्याच्या एका गॅरेजचा वास आठवतो. पेट्रोल, जळके ऑइल, उन्हात तापलेले रबर आणि बाजूच्या मागांची खडखड. पाच-सहा वर्षांचा असताना पेट्रोलच्या टाकीवर बसून मी तिथे गेलो आहे.

गॅरेजचे मिस्त्री नंदुरबारकडचे होते. सुरतेत खानदेशी माणूस जागोजाग भेटतो. तापीच्या खोऱ्यातून सुरत ते भुसावळ असा रेल्वेमार्ग आहे. त्या मार्गाने नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या मागांवर आणि कापडाच्या गिरण्यांत कामाला आली. उधना, लिंबायत या भागांत मराठी ऐकू येते आणि महापालिकेने मराठी माध्यमाच्या शाळाही चालवल्या. मिस्त्री बाबांशी मराठीत बोलत, पोरांवर अहिराणीत ओरडत आणि गिऱ्हाइकाशी गुजरातीत भाव करत. बाबा त्यांना 'मिस्त्री' म्हणत आणि ते बाबांना 'साहेब'. बाबा साधे कारकून होते, पण ही पदवी त्यांना आवडत असावी.

वहीच्या पहिल्या पानावर, नोंदी सुरू होण्याआधी, बाबांनी मिस्त्रींचे तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. 'तेल कुठे जाते? तेल किती जाड? तेलात काय मिसळले आहे?' खाली दोन रेघा. जुन्या गाडीला कुठले तेल घालावे या विषयावर मी नंतर बरेच वाचले, पण या तीन प्रश्नांच्या बाहेरचे काही फारसे सापडले नाही. शंभरेक वर्षांचा वंगणाचा इतिहासही याच तीन प्रश्नांभोवती फिरतो.

वंगण हा आपला जुना शब्द. बैलगाडीच्या आसाला तेल देणे म्हणजे ओंगणे, आणि जे द्यायचे ते ओंगण किंवा वंगण. त्यासाठी खेड्यापाड्यांत एरंडेल वापरले जाई. गुजरातीत एरंडेलाला 'दिवेल' म्हणतात, म्हणजे दिव्याचे तेल. रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात आपल्या देशात दिव्यांसाठी आणि यंत्रांच्या वंगणासाठी एरंडेलाचा वापर होत असे. आजही जगातल्या एरंडाच्या पिकाचा फार मोठा हिस्सा भारतात पिकतो आणि त्यातला बहुतेक गुजरातेत. तो सुरतेच्या परिसरात नव्हे, वर बनासकांठा, मेहसाणा, पाटण आणि कच्छकडे.

लहानपणी नाक दाबून जे तेल आपण प्यायलो, ते इंजिनात काय करते? एरंडेल धातूला घट्ट चिकटते आणि खूप तापले तरी त्याचा पडदा सहज फाटत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांना ते लागले. त्या काळच्या काही विमानांत इंजिनाचे सिलिंडरच गरगर फिरत आणि तेल एकदा वापरून बाहेर फेकले जाई. पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होणार नाही असे तेल तिथे हवे होते, आणि एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. वैमानिकांच्या नाकातोंडात ते जायचे आणि त्याचे जे परिणाम आपल्याला ठाऊक आहेत तेही व्हायचे. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ साली इंग्लंडमध्ये तेलाची कंपनी काढली होती. त्यांच्या तेलात एरंडेल मिसळलेले असे. इंग्रजीत एरंडेलाला कॅस्टर म्हणतात, त्यावरून १९०९ साली त्या तेलाचे नाव पडले कॅस्ट्रॉल. आपल्या आजीच्या फडताळातली बाटली आणि शर्यतीच्या मोटारसायकली यांचे नाते हे असे आहे.

मग एरंडेल मागे का पडले? कारण ते जळून लाखेसारखा चिकट थर बसवते. शर्यतीच्या गाडीचे इंजिन दर शर्यतीनंतर उघडून साफ करतात, तिथे ते चालते. ऑफिसात जायच्या गाडीला ते कसे परवडणार? बाबांच्या वहीत १९८१ ची एक नोंद आहे : 'दिवेल घालू नये. विचारले. मिस्त्री हसले.' गुजरातेत एरंडेल मुबलक, शर्यतीच्या गाड्या त्यावर पळतात असे कुठेतरी ऐकलेले, तेव्हा बाबांना मोह झाला असणार. टाकीत खनिज तेलाबरोबर एरंडेल ओतले तर ते नीट मिसळत नाही, कार्बोरेटर चोंदतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात, असे मिस्त्रींनी समजावले.

आता पहिला प्रश्न, तेल कुठे जाते. जावा, येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या इंजिनाच्या पोटात तेलाचा साठाच नसतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकीत ओतायचे, ते मिश्रण क्रँकेवरून सिलिंडरात जाताना बेअरिंगांना आणि पिस्टनला न्हाऊ घालते आणि मग जळून सायलेन्सरमधून निळा धूर होऊन बाहेर पडते. म्हणजे तेल वापरले जाते ते कायमचे. वहीत नेहमीचे प्रमाण आहे पाच लिटरला २०० मिली, म्हणजे पंचवीसला एक. इंजिन नवे बांधून घेतले तेव्हा पहिल्या काही दिवसांसाठी २५० मिली, म्हणजे वीसला एक. तेल कमी झाले तर पिस्टन जाम. जास्त झाले तर प्लग काळा आणि सायलेन्सर चोंदलेला.

या पद्धतीतली एक खोच घाटावर कळते. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली, तर चाक इंजिनाला जोरात फिरवत राहते, पण पेट्रोल जात नाही म्हणून तेलही जात नाही. म्हणून जुने लोक अनमोड किंवा चोर्ला उतरताना मध्ये मध्ये क्लच दाबून ॲक्सिलरेटरला एक मुरड देत. लहानपणी मला वाटे, बाबा गंमत करतात. वहीत मात्र लिहिलेले आहे, 'उतारावर तेल पाजणे'. तसेच गाडी लावताना पेट्रोलचा नळ बंद करायचा आणि बरेच दिवस उभी असेल तर टाकी हलवून मगच किक मारायची. पुढे यामाहा आरएक्स १०० सारख्या गाड्यांत तेलाची वेगळी टाकी आणि पंप आला आणि ही कटकट मिटली. पण त्या गाड्यांचा पंप बिघडला आणि मालकाला कळलेच नाही, तर शेवट तोच, जाम झालेला पिस्टन.

जावाचे दुसरे तेल गिअरबॉक्सचे. इथे खरी ग्यानबाची मेख आहे. नाव गिअरबॉक्सचे, पण त्याच तेलात क्लचच्या प्लेटाही बुडालेल्या असतात. गिअरांना निसरडेपणा हवा आणि क्लचला पकड हवी. एकाच तेलाने दोन उलट कामे करायची. म्हणून 'चांगले तेल' हा शब्दच इथे फसवा आहे. क्लचसाठी जे तेल फार गुळगुळीत, ते वाईट.

बुलेटची गोष्ट आणखी निराळी. एनफिल्ड इंडिया १९५५ साली मद्रासला सुरू झाली. तिच्या जुन्या बीडाच्या इंजिनात तेलाच्या तीन वेगळ्या जागा आहेत. इंजिनाचे तेल निराळे, क्लच आणि प्रायमरी चेनच्या डब्याचे निराळे आणि गिअरबॉक्सचे निराळे. त्यामुळे जुन्या बुलेटच्या इंजिनात क्लचची चिंता करायचे कारण नाही, ती चिंता शेजारच्या डब्यात करायची. २००८-०९ नंतर आलेल्या नव्या इंजिनांत मात्र या जागा एक झाल्या. म्हणून 'बुलेटला कुठले तेल' या प्रश्नाला उत्तर देण्याआधी 'कुठली बुलेट' हे विचारलेच पाहिजे. आणि १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० पासून ज्या फोर-स्ट्रोक गाड्या घराघरांत पोचल्या, त्यांत इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना मिळून लिटरभरापेक्षाही कमी एकच तेल. इतक्या थोड्या तेलावर इतके काम पडते, म्हणून तिथे तेल वेळेवर बदलण्याला महत्त्व.

दुसरा प्रश्न जाडीचा. डब्यावरचे आकडे हे तेलाच्या दर्जाचे आकडे आहेत असे पुष्कळांना वाटते. ४० पेक्षा ५० चांगले, ९० तर फारच उत्तम! प्रत्यक्षात तो केवळ घट्टपणाचा आकडा. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ साली ही वर्गवारी सुरू केली. 'डब्ल्यू' हे अक्षर विंटरचे, थंडीचे. २०डब्ल्यू४० म्हणजे थंड असताना २० डब्ल्यूच्या वर्गात बसणारे आणि तापल्यावर ४० च्या वर्गात राहणारे तेल. आपल्या गोव्यात किंवा सुरतेत बर्फ पडत नाही, तेव्हा पहिल्या आकड्यासाठी जीव टाकायची गरज नाही. दुसरा आकडा मात्र गाडी बनवणाऱ्याने सांगितला तोच सांभाळावा.

गिअर ऑइलची फूटपट्टी वेगळी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. गिअर ऑइलचे ९० हे इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५० इतकेच घट्ट असते आणि गिअर ऑइलचे ८० हे २० ते ३० च्या आसपास. त्यामुळे जुन्या परदेशी पुस्तकात गिअरबॉक्ससाठी ८० लिहिलेले आणि इथला मिस्त्री ३० नंबर घालतो, यात मिस्त्री अडाणी ठरत नाही. दोघे एकच गोष्ट दोन भाषांत सांगत असतात. ट्रकच्या गिअरांसाठीच्या जड दाबाच्या तेलात गंधकाची जी द्रव्ये असतात, ती मात्र काही जुन्या गिअरबॉक्सांतल्या पितळी-काशाच्या बुशांना खातात. आकडा जुळला तरी जात जुळेलच असे नाही.

इथून तिसरा प्रश्न सुरू होतो, तेलात काय मिसळले आहे. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला रिफायनऱ्या आल्या. सत्तरच्या दशकात परदेशी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ मध्ये इंडियन ऑइलचे सर्व्हो हे नाव बाजारात आले. बाबांच्या पहिल्या नोंदींत मात्र तेल कुठल्याही कंपनीचे असो, शब्द एकच आहे, 'मोबील'. त्या काळी सगळेच तसे म्हणत. पुढे 'टू टी' हा शब्द येतो. पंपावर काचेच्या नळीचे हातपंप असत, माणूस दांडा ओढी आणि हिरवे-निळे तेल टाकीत पडे. सुटे तेल स्वस्त, पण त्यात काय आहे हे देवालाच ठाऊक. शहरांतल्या धुराचा प्रश्न पेटल्यावर केंद्र सरकारने १ एप्रिल १९९९ पासून टू-स्ट्रोकच्या तेलाला किमान दर्जा लावला. जपानी मानकाच्या भाषेत तो दर्जा म्हणजे जासो एफसी, कमी धुराचे तेल. त्या वर्षीची वहीतली नोंद फोंड्याची आहे, तोवर बाबा परत आले होते. 'नवे तेल. धूर खरेच कमी. शेजारी खूश.'

फोर-स्ट्रोकच्या बाबतीत उलटी कटकट झाली. मोटारींचे तेल दिवसेंदिवस निसरडे होत गेले, कारण पेट्रोल वाचवायचे होते. तेच तेल मोटारसायकलीत ओतले की तेलात बुडालेला क्लच घसरू लागे. म्हणून १९९८ साली जपानी उद्योगाने मोटारसायकलींसाठी वेगळे मानक केले. एमए म्हणजे क्लचला पकड देणारे आणि एमबी म्हणजे अशा क्लचची गरज नसलेल्या स्कूटरसाठी. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते. पुढच्या बाजूला शर्यतीच्या गाडीचे चित्र असते. आपण चित्र बघून घेतो.

वहीतले शेवटचे 'सुरत' २००६ चे आहे. तेव्हा आम्ही गोव्यातच होतो, पण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तापीला पूर आला. उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेले. मावशीची माणसे वरच्या मजल्यावर सुखरूप होती. खाली काकांची मोटारसायकल दोन दिवस बुडालेली. फोन लागला तेव्हा बाबांनी खुशाली विचारली आणि लगेच म्हणाले, "काका, किक मारू नका हां. आधी प्लग काढा." सिलिंडरात पाणी असताना जोराने किक मारली तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून खालचा स्क्रू सोडला की आधी पाणी येते. काकांनी सांगितले, शेवटी जे आले ते चहासारखे दिसत होते, भरपूर दूध घातलेल्या. तेल आणि पाणी घुसळून झालेला तो फेस वंगणाचे कुठलेच काम करत नाही. बाबांनी सांगितले, साधे स्वस्त तेल घाला, थोडा वेळ इंजिन चालवा, काढून टाका, पुन्हा घाला. दोनदा तसे केले आणि गाडी वाचली. बाबांनी वहीत लिहिले, 'सुरत. पूर. काकांची गाडी. तेल तीनदा.' दुसऱ्याच्या गाडीची ही एकच नोंद. महिनाभराने काकांचा निरोप आला की मिस्त्रींचे गॅरेज पुरानंतर उघडलेच नाही, ते मुलाकडे गावी गेले. ती बातमी मात्र वहीत नाही.

आता माझी चूक सांगतो. बाबांची जावा २००४ पासून उभीच होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर काही महिन्यांनी मी ती गाडी चालू करायची ठरवली. भावनेच्या भरात ठरवले म्हणा. एका गॅरेजात दिली, पैशाकडे बघू नका, सगळे उत्तमातले घाला, असे मीच सांगितले. त्या तरुणाने मन लावून काम केले आणि गिअरबॉक्समध्ये नव्या मोटारींसाठीचे सगळ्यात महागडे, सगळ्यात पातळ सिंथेटिक तेल ओतले. पहिल्या दिवशी मी फोंड्याहून फर्मागुडीचा चढ चढायला घेतला. इंजिन ओरडत होते आणि गाडी पुढे सरकत नव्हती. मागून एक पिवळ्या मडगार्डाचा पायलट आला, थांबला, कान देऊन म्हणाला, "क्लच गेलो मरे तुजो." जळक्या प्लेटांचा वास मलाही येत होता. गाडी ढकलत घरी आणली. आईने दारातून बघितले आणि काही न बोलता आत गेली. ते मला गाडीपेक्षा जास्त लागले.

त्या रात्री वही काढली. खरे तर ती आधी काढायला हवी होती. १९७९ च्या पानावर, अगदी स्वच्छ अक्षरात : 'गिअरबॉक्स ३० नं. क्लच याच तेलात आहे. पातळ घालू नये, भारीचे घालू नये. सुरत.' चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी माझ्यासाठीच कुणी टिपण करून ठेवले असावे, तसे वाटले. कार्यालयात मी रोज लोकांना सांगतो, जुनी फाईल बघा, नवा अर्ज करू नका. स्वतःच्या घरातली फाईल मात्र मी उघडली नव्हती.

त्या तरुण मिस्त्रीला मी दोष देत नाही. त्याने जन्मात जावा उघडली नव्हती आणि मी त्याला पहिला प्रश्न विचारू दिला नाही. आम्ही दोघांनी मिळून वही वाचली. ते तेल काढले, क्लचच्या प्लेटा बदलल्या, आत नव्या तेलाचा अंश राहू नये म्हणून एकदा साध्या तेलाने धुऊन घेतले आणि मग ३० नंबरचे खनिज तेल घातले, डब्यावर एमए बघून. त्याला ते इतके आवडले की त्याने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो काढून घेतला.

ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली आहे, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी, ज्या वहीत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर होड्यांच्या मोटारींचे टू-स्ट्रोक तेल सहज मिळते, त्यावर टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले असते. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे. वाऱ्याने थंड होणारी मोटारसायकल फार जास्त तापते, तिच्या टाकीत ते ओतू नये, रापणकार मित्राने कितीही प्रेमाने दिले तरी. तिला एफसी किंवा त्याच्या पुढचे एफडी. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. म्हणून तेल मिसळलेले पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नये, लागेल तेवढेच मिसळावे. गंमत बघा, जे एरंडेल पेट्रोलमध्ये विरघळायला कां-कूं करते ते अल्कोहोलमध्ये आनंदाने विरघळते. मिस्त्री असते तर यावर पुन्हा हसले असते.

सांगायचा मुद्दा एवढाच की जुन्या गाडीला सगळ्यात चांगले तेल द्यायचे नसते. तिला तिचे तेल द्यायचे असते. ते ओळखायला ती गाडी ज्या काळात आणि ज्या हातांनी घडली, तो काळ आणि ते हात थोडे ठाऊक असावे लागतात. कारखाना बंद पडतो, गॅरेज पुरात जाते, आमचा प्रदेशच दोन ठिकाणी वाटला जातो. २०२० पासून दमण-दीवही दादरा-नगरहवेलीशी जोडून नव्या नावाने ओळखले जाते. मग हे ज्ञान उरते कुठे? कुणीतरी लिहून ठेवले तर कागदावर, नाहीतर कुठेच नाही. तुमच्या घरात जुनी गाडी असेल आणि ती चालवणारी माणसे अजून असतील, तर त्यांना आज संध्याकाळी विचारून घ्या की हिला काय घालत होता. मी विचारले नव्हते. माझे नशीब की बाबा कारकून होते.

परवा फर्मागुडीचा चढ एका दमात चढलो. घरी येऊन वहीत पुढची ओळ लिहिली, तारीख आणि किलोमीटर घालून. काय घातले : '३० नं., एक लिटर'. कुठे घातले, या रकान्यापाशी क्षणभर थांबलो. मग लिहिले, 'फोंडा. सुरतेप्रमाणे.'